आकाशबापाचा माग: ऋग्वेदातला द्यौष्पिता स्वतः कसा शोधावा

घरच्या पूजेत पंचामृताचं मध घालायची वेळ आली की गुरुजी ‘मधु वाता ऋतायते’ सुरू करतात. त्यातच पुढे चार शब्द येतात: ‘मधु द्यौरस्तु नः पिता’. आमचा पिता द्यौ आम्हाला मधुर होवो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ९०व्या सूक्ताची ही सातवी ऋचा. चमचाभर मध देवावर पडेपर्यंत ती म्हणून झालेली असते, आणि हा पिता कोण, असं यजमान कधी विचारत नाही.

हा पिता म्हणजे आकाश. ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा जुपिटर हे त्याचेच नावबंधू. एवढं अनेकांना ऐकून माहीत असतं. पण त्यापुढे लोक दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो, द्यौ हा आर्यांचा मूळचा सर्वश्रेष्ठ देव होता, नंतर इंद्राने त्याची गादी बळकावली. दुसऱ्या गटाला हे सगळं परदेशी पंडितांनी जुळवलेलं वाटतं. दोन्हींसाठी ऋचा उघडून बघायची तसदी फारशी कुणी घेत नाही. ती कशी घ्यायची, हे इथे पायरीपायरीने सांगतो. दहावीला संस्कृत होतं आणि आता ‘देवः देवौ देवाः’ एवढंच आठवतंय, तरी अडणार नाही. आर्य कुठून आले, हा वाद मात्र इथे उघडायचा नाही. भाषांचं नातं तपासायला त्याची गरज लागत नाही.

आधीच एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढची मेहनत योग्य दिशेने होईल. द्यौच्या गोष्टी शोधत बसू नका. त्याला गोष्टी जवळपास नाहीतच. त्याला हाक कशी मारतात आणि त्याचे नातेवाईक कोण, एवढ्यावर लक्ष ठेवा. हजारो वर्षं आणि हजारो मैल टिकून राहिलंय ते एवढंच.

पहिली पायरी: साहित्य जमवा

ऋग्वेदात १० मंडलं, १०२८ सूक्तं आणि साधारण साडेदहा हजार ऋचा आहेत. संदर्भ मंडल, सूक्त, ऋचा या क्रमाने देतात, म्हणजे ६.५१.५ हा सहाव्या मंडलातल्या ५१व्या सूक्तातल्या पाचव्या ऋचेचा पत्ता. जुन्या पोथ्यांत अष्टक, अध्याय, वर्ग अशी वेगळी विभागणी असते. ती बघून गोंधळू नका, मंडलाचाच क्रम धरा.

मूळ पाठासाठी स्वरचिन्हांसह छापलेली संहिता हवी. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह काढलेली आवृत्ती मोठ्या ग्रंथालयांत मिळते. सायणाचार्य चौदाव्या शतकातले, विजयनगरच्या काळातले. म्हणजे ऋचा आणि त्यांचं भाष्य यांत दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे. सायण शब्द सोडवायला फार उपयोगी पडतात, पण देवतेचं मूळ रूप विचारायला त्यांच्याकडे जाऊ नका. त्यांच्यासमोर यज्ञ होता, तुलनात्मक भाषाशास्त्र नव्हतं. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचं मराठी भाषांतर अर्थाचा पहिला अंदाज येण्यासाठी जवळ ठेवा.

संगणकावर काम करणार असाल तर जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाचं ‘वेदावेब’ उघडा. तिथे प्रत्येक ऋचेतला शब्द न् शब्द फोडून त्याची विभक्ती आणि वचन दिलेलं असतं, आणि मूळ शब्द टाकला की त्याची सगळी स्थळं समोर येतात. हेच काम हेरमान ग्रासमान या जर्मन पंडिताने १८७३ साली छापायला सुरुवात झालेल्या ऋग्वेदकोशात हाताने करून ठेवलंय. हा माणूस पेशाने शाळेत गणित शिकवायचा. कोश जर्मन भाषेत आहे, पण स्थळांचे आकडे वाचायला जर्मन कशाला हवं!

मग एक वही घ्या, किंवा एक्सेलची शीट. सहा रकाने आखा: संदर्भ, शब्दाचं रूप, विभक्ती, अर्थ, सोबत कोण, आणि क्रियापद. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात. सगळ्यात जास्त बोलतो तोच.

दुसरी पायरी: रूपं ओळखायला शिका

नुसतं ‘द्यौ’ शोधलंत तर निम्मा माल हातातून निसटेल, कारण हा शब्द विभक्तीगणिक चेहरा बदलतो. प्रथमेत द्यौः, द्वितीयेत द्याम्, चतुर्थीत दिवे, षष्ठीत दिवः, सप्तमीत दिवि किंवा द्यवि, आणि तृतीयेच्या अनेकवचनात द्युभिः. संधीमुळे आणखी भर पडते: द्यौर्, द्यौश्, द्यौष्.

ही रूपं पाठ करायचा कंटाळा येईल, पण करा. पुढे ग्रीक आणि लॅटिनकडे गेलात की यांचाच उपयोग होतो. ग्रीकमध्ये झ्यूसची षष्ठी ‘दिओस’, जुन्या रूपात ‘दिवोस’, म्हणजे थेट आपलं दिवः. स्वराघातसुद्धा दोन्हीकडे शेवटच्या अक्षरावर. होमरच्या काव्यात द्वितीया ‘झेन’ अशी येते, तिच्याशेजारी द्याम् ठेवा. ग्रीसमधल्या पिलोसला सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनाआधी बाराशेच्या सुमारास, ‘दि-वे’ असं लिहिलेलं आहे: झ्यूसला, चतुर्थी. आपलं दिवे. ती लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने उलगडली, आणि त्याआधी मांडलेलं ‘दिव-’ हे अंग प्रत्यक्ष मातीवर कोरलेलं निघालं. नुसती नावं सारखी वाटणं वेगळं आणि अख्खी विभक्ती रूपागणिक जुळणं वेगळं. योगायोगाने एखादं नाव जुळेल, चार विभक्त्या जुळत नाहीत.

मग द्यौचा झ्यूस कसा झाला? त्यासाठी मराठीतच बघा. संस्कृत ‘अद्य’चं आपण ‘आज’ केलं, ‘विद्युत्’ची ‘वीज’ केली. द आणि य एकत्र आले की जिभेला ते जड जातं आणि त्यांचा एक घासलेला वर्ण होतो. ग्रीकांनी शब्दाच्या सुरुवातीला असंच केलं. रोमनांनी द टाकून दिला आणि य ठेवला, म्हणून ‘यूपितेर’. आपण लिहितो तो जुपिटर इंग्रजीच्या वाटेने आलाय.

तिसरी पायरी: तीन ढीग करा

ऋग्वेदात हा शब्द सुमारे पाचशे ठिकाणी येतो. सगळीकडे देव नसतो. काही ठिकाणी अर्थ निव्वळ ‘दिवस’ असतो. ‘दिवे दिवे’ म्हणजे दररोज. ‘अग्निमीळे’ पाठ असेल तर त्यातलं ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ आठवा. बहुतेक ठिकाणी अर्थ ‘आकाश’: देव तिथे राहतात, सूर्य तिथे चढतो, पाऊस तिथून येतो. उरलेल्या थोड्या ठिकाणी त्याला कुणीतरी समजून बोललं गेलंय. आपल्याला हा तिसरा ढीग हवा.

तो ओळखायच्या खुणा साध्या आहेत. शब्द संबोधनात आहे का? शेजारी पिता, जनिता, असुर असं काही आहे का? सोबत पृथिवी माता म्हणून आली आहे का? त्याच्याकडे सजीवाचं क्रियापद आहे का? यांतली एकही खूण नसेल तर ऋचा दुसऱ्या ढिगात टाका आणि पुढे चला. मोह आवरा. आकाश दिसलं की देव दिसला, असं करत गेलात तर शीट भरेल आणि हाती काही लागणार नाही.

इथे एक गोम आहे. हाच शब्द ऋग्वेदात काही ठिकाणी स्त्रीलिंगी येतो. पुढे ब्राह्मणग्रंथांत तर गंमतच होते. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती आपल्या मुलीच्या मागे लागल्याची कथा आहे, आणि ती मुलगी कोण याबद्दल ग्रंथ म्हणतो की कुणी तिला द्यौ म्हणतात, कुणी उषा. एकेकाळचा बाप तिथे मुलगी झालाय! म्हणून लिंग प्रत्येक वेळी नोंदवा. विशेषण शेजारी असेल तर त्यावरून कळतं. नसेल तर प्रश्नचिन्ह टाका.

चौथी पायरी: ‘पिता’ म्हटलेल्या ऋचा जवळून वाचा

इथे घाई करू नका. सुरुवात ६.५१.५ पासून करा, कारण सगळ्या शोधाचा कणा या एका ओळीत आहे:

‘द्यौष्पितः पृथिवि मातरध्रुगग्ने भ्रातर्वसवो मृळता नः।’

हे पित्या द्यौ, कधी द्रोह न करणाऱ्या माते पृथिवी, भाऊ अग्नी, वसूंनो, आमच्यावर दया करा. सूक्त विश्वेदेवांचं, मंडल भरद्वाजांच्या घराण्याचं. एकापाठोपाठ हाका आहेत, आणि प्रत्येक हाकेला नातं जोडलंय.

आता स्वरांसह छापलेली प्रत काढा आणि पहिला शब्द नीट बघा. ‘द्यौ’च्या पुढे ३ असा आकडा छापलेला दिसेल. तो छपाईचा दोष नाही. स्वरिताच्या (चढून उतरणाऱ्या स्वराच्या) लगेच पुढे उदात्त (उंच स्वर) आला की आवाजाला जो कंप येतो, त्याची ती खूण आहे. पण इथे स्वरित आला कुठून? प्रथमेतलं ‘द्यौः’ उदात्त असतं. संबोधनात स्वर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर सरकतो, आणि हा शब्द हाक मारताना ‘दियौः’ असा दोन अक्षरी उच्चारला जायचा. आघात ‘दि’वर, मग दोन्ही अक्षरं पुन्हा एकत्र आली की स्वरित. आता ग्रीक बघा. ‘झ्यूस’ या प्रथमेवर चढता आघात असतो, आणि ‘झ्यू’ या हाकेवर चढून उतरणारा. हाक मारताना आवाजाचा जो हेलकावा व्हायचा, तोच दोन्हीकडे टिकलाय. ज्यांनी तो टिकवला त्या वेद मुखोद्गत ठेवणाऱ्या घनपाठ्यांनी ग्रीक कधी ऐकलं नव्हतं, आणि होमर म्हणणाऱ्यांनी वेद. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच वाटतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच पाठांत स्वर आणि तो ३ दोन्ही गाळलेले असतात, म्हणून छापील प्रतीचा आग्रह.

त्यानंतर १.१६४.३३ घ्या, दीर्घतमसाच्या प्रसिद्ध कोड्यांच्या सूक्तातली: ‘द्यौर्मे पिता जनिता नाभिरत्र बन्धुर्मे माता पृथिवी महीयम्’. द्यौ माझा पिता, जन्मदाता. ही मोठी पृथिवी माझी माता. ४.१.१० मध्ये ‘द्यौष्पिता जनिता’ ही जोडी पुन्हा येते. १.८९.४ मध्ये ‘तन्माता पृथिवी तत्पिता द्यौः’. हे ‘आ नो भद्राः’ सूक्त शांतिपाठात अजून ऐकू येतं. १.१९१.६ मध्ये तर अख्खं कुटुंब उभं आहे: द्यौ तुमचा पिता, पृथिवी माता, सोम भाऊ, अदिती बहीण. गंमत म्हणजे तिथलं ‘तुमचा’ हे विषारी किड्यांना उद्देशून आहे. सूक्त विष उतरवायचं आहे. सर्वश्रेष्ठ देवाची कल्पना घेऊन आलेल्या वाचकाला ही ऋचा जमिनीवर आणते.

या सगळ्या नोंदी झाल्या की क्रियापदाचा रकाना वरपासून खालपर्यंत बघा. बराचसा रिकामा असेल. जो भरलाय त्यात काय आहे? ५.५८.६ मध्ये तो बैलासारखा हंबरतो, ‘वृषभः क्रन्दतु द्यौः’. हा मरुतांचा पाऊस आहे. २.४.६ मध्ये अग्नीची उपमा म्हणून तो ढगांआडून हसतो, ‘द्यौरिव स्मयमानो नभोभिः’. १०.६८.११ मध्ये पितरांनी आकाशाला नक्षत्रांनी सजवलंय, जसा काळा घोडा मोत्यांनी सजवावा. इथे तर तो काहीच करत नाही, दुसरेच त्याला नटवतात. ४.१७.४ मध्ये त्याची ख्याती अशी की इंद्रासारखा पोरगा जन्माला घातला. आणि १.१३१.१ मध्ये ‘इन्द्राय हि द्यौरसुरो अनम्नत’: असुर द्यौ इंद्रापुढे वाकला. असुर शब्दाचा इथला अर्थ जुना आहे, स्वामी, धनी. धनी असलेला बाप लेकापुढे वाकतो, आणि ऋषीला त्यात काही वावगं वाटत नाही.

म्हणून ‘गादी बळकावली’ वगैरे नाट्य मला पटत नाही. ४.१८.१२ मध्ये इंद्राला विचारलंय, बापाचे पाय धरून तू त्याला आपटलंस, तेव्हा कोण देव तुझ्या बाजूने होता? हे वाचून अनेकांना बंडाची कथा सापडल्याचा आनंद होतो. पण ऋचेत बापाचं नाव नाही. तो देवांचा कारागीर त्वष्टा धरावा असं म्हणणारेही आहेत. शीटमध्ये इथे ठळक प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा.

पाचवी पायरी: नातेवाईक मोजा

द्यौला एकट्याला वाहिलेलं एकही सूक्त ऋग्वेदात नाही. पृथिवीसोबत जोडीने मात्र सहा आहेत: १.१५९, १.१६०, १.१८५, ४.५६, ६.७० आणि ७.५३. सगळी लहान आहेत, एका बैठकीत होतात. त्यांतलं एकच वाचायचं असेल तर १.१८५ वाचा. सुरुवातच प्रश्नाने होते: ‘कतरा पूर्वा कतरापरायोः’. या दोघांत आधीचं कोण, नंतरचं कोण? कसे जन्मले? कवींनो, कुणाला ठाऊक आहे? आणि मग ऋचेमागून ऋचा एकच पालुपद: ‘द्यावा रक्षतं पृथिवी नो अभ्वात्’, आकाशपृथिवींनो, भयापासून आम्हाला राखा.

ऐतरेय ब्राह्मणात या जोडीबद्दल छोटी कथा आहे. दोघं आधी एकत्र होते, मग वेगळे झाले. पाऊस पडेना, ऊन तापेना. तेव्हा देवांनी त्यांचं लग्न लावलं. आश्वलायन गृह्यसूत्रात वराने वधूला म्हणायचा मंत्र आहे, ‘द्यौरहं पृथिवी त्वम्’: मी आकाश, तू पृथ्वी. वैदिक पद्धतीने लागणाऱ्या लग्नांत तो आजही म्हणतात.

मुलांमध्ये सगळ्यात पक्की नोंद उषेची. तिला सतत ‘दुहिता दिवः’, आकाशाची लेक, म्हटलंय, १.४८ उघडा, पहिल्याच ऋचेत ‘दुहितर्दिवः’ सापडेल. अश्विनीकुमार ‘दिवो नपाता’, आकाशाचे वंशज. सूर्याची मुलगी त्यांच्या रथावर चढते (१.११६.१७). ही नावं वेगळ्या पानावर लिहून ठेवा, कारण सीमा ओलांडल्यावर हीच माणसं भेटणार आहेत.

सहावी पायरी: आता बाहेर पडा

आधी ग्रीस. होमरच्या इलियडच्या तिसऱ्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन शपथ घेताना ‘झ्यू पातेर’ अशी हाक मारतो. ‘द्यौष्पितः’ शेजारी ठेवा. दोडोना या जुन्या देवस्थानातल्या पुजारणींचं एक गाणं पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने नोंदवलंय: झ्यूस होता, झ्यूस आहे, झ्यूस असेल, पृथ्वी पिकं वर देते, म्हणून तिला माता म्हणा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने अथेन्सकरांची प्रार्थना दिली आहे: बरस, बरस, लाडक्या झ्यूसा, अथेन्सकरांच्या शेतांवर बरस. ग्रीक भाषेत पाऊस पडतो हे सांगताना ‘झ्यूस बरसतो’ असं म्हणायची रीत होती. ऑलिंपसवरचा बायकांच्या मागे लागणारा झ्यूस बाजूला ठेवा. आपल्याला हा शेतावरचा हवा.

प्लाटाइया हे गाव त्याच पॉसेनियसकडे भेटतं. हे नाव ध्वनिनियमांनी थेट पृथिवीशी जुळतं, ‘रुंद पसरलेली’. तिथली दंतकथा अशी की झ्यूसची बायको हेरा रुसून बसली तेव्हा झ्यूसने एका लाकडी बाहुलीला नटवलं, गाडीत बसवलं आणि आपण प्लाटाइया नावाच्या वधूशी लग्न करतोय अशी आवई उठवली. हेरा धावत आली, बाहुलीची वस्त्रं फाडली, आतलं लाकूड बघून हसली आणि समेट झाला. आकाशबाप पृथ्वीशी लग्न करायला निघतो, याची इतकी जुनी आठवण इतक्या विनोदी वेषात क्वचितच टिकते.

इटलीत ‘युप्पितेर’ हे नाव मुळात संबोधनच. हाकच इतकी घट्ट बसली की तिचं नाव झालं. प्रथमेचं जुनं रूप ‘दिएस्पितेर’ लॅटिनमध्ये तुरळक सापडतं. गुब्बियो गावातल्या कांस्यपत्रांवर उंब्रियन या इटलीतल्या जुन्या भाषेत ‘युपातेर’ अशी हाक आहे. ग्रीसच्या उत्तरेला डोंगराळ तिंफाइया भागात ‘देइपातुरोस’ नावाचा देव होता; हेसिकियस या कोशकाराच्या एका ओळीमुळे तो कळतो, त्यापलीकडे काही नाही. तुर्कस्तानात, हित्ती साम्राज्याच्या मुलखात, लुवियन भाषेतला ‘तिवाझ’ सूर्यदेव आहे. त्याला ‘ताती’ म्हणतात, आपल्या ‘तात’सारखाच घरगुती शब्द, म्हणजे ‘पितर’ हा शब्द बदलला पण बाप राहिला. इराणी लोक अख्ख्या आकाशमंडलाला झ्यूस म्हणतात आणि डोंगरमाथ्यावर त्याला बळी देतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो.

लाटव्हियाकडे स्वतंत्र वेळ द्या. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ दरम्यान तिथली सुमारे २ लाख १८ हजार लोकगीतं छापली. त्यांत ‘दियेव्स’ घोड्यावरून टेकडी उतरून राय या धान्याच्या शेतात येतो. त्याचे मुलगे सूर्याच्या मुलीला मागणी घालतात. अश्विनांचं पान काढा आणि ताडून बघा. ग्रीसमध्ये याच जागी ‘दिओस्कुरोइ’ आहेत, झ्यूसचे पोर, घोडेस्वार, आणि त्यांची बहीण हेलन.

या सगळ्यावरून पंडित मूळ नाव *‘द्येउस् पतेर’ असं मांडतात. पुढची तारका विसरू नका. तिचा अर्थ, हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने बांधलेलं आहे.

सातवी पायरी: फसवी साम्यं बाजूला काढा

ग्रीक ‘थिऑस’ (म्हणजे देव) आणि आपला ‘देव’ यांचा संबंध नाही. ऐकायला अगदी एक वाटतात, पण संस्कृत द ग्रीकमध्ये द-च राहतो (दश, देका), आणि ग्रीक थ-समोर संस्कृत ध येतो (थूमोस, धूम). नियम मोडणारं साम्य सोडून द्यायचं. लॅटिन ‘देउस’ मात्र देवाचाच भाऊ. वरुण आणि ग्रीकांचा आकाशदेव ऊरानोस ही जोडीही शंभर वर्षं मिरवली, ध्वनिनियमांत बसत नाही. उत्तर युरोपातला ट्यूर हा देव ‘देव’ या शब्दापासून निघतो, म्हणजे द्यौचा पुतण्या म्हणता येईल, द्यौ नव्हे. लाटव्हियाचा दियेव्सही तसाच. म्हणून तिथे नावापेक्षा घोडेस्वार मुलगे जास्त महत्त्वाचे ठरतात.

मराठीतला सापळा म्हणजे दिवा. दिवस आणि दिव्य द्यौच्या कुळातले, पण दिवा आणि दिवाळी ‘दीप’वरून आले. उलट ‘आज’मध्ये मात्र तो लपलाय, अद्य मधला ‘द्य’.

गुणधर्मांची उचलाउचलीही टाळा. झ्यूसकडे वज्र आहे म्हणून द्यौकडे असणार, असं होत नाही. आपल्याकडे ते इंद्राचं. झ्यूसच्या आजोबांचं लिंग छाटण्याची कथा तर हित्ती राजधानीत सापडलेल्या कुमार्बीच्या कथेशी जुळते, आणि ती तिथे शेजारच्या हुर्री लोकांकडून आली. ती वारसाहक्काने मिळालेली नाही, शेजारून आणलेली आहे.

शेवटची पायरी: पुढे त्याचं काय झालं ते नोंदवा

पुराणकाळात द्यौची पूजा राहिली नाही, पण महाभारताच्या आदिपर्वात तो एकदा दिसतो. आठ वसूंपैकी एक म्हणून. बायकोच्या हट्टापायी तो वसिष्ठांची गाय, नंदिनी, पळवतो. शाप सगळ्या वसूंना बसतो, पण बाकीचे वर्षभरात सुटतात. मुख्य अपराधी द्यौ, त्याला मनुष्यलोकात दीर्घकाळ राहावं लागेल आणि त्याला संतती होणार नाही. तो जन्मतो भीष्म म्हणून. ज्याची एकमेव ठाम ओळख ‘पिता, जनिता’ होती, त्याच्या वाट्याला निपुत्रिक राहण्याचा शाप यावा! महाभारतकारांना जुना द्यौष्पिता माहीत असून त्यांनी हे केलं, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. शीटमध्ये हे वेगळ्या रंगात ठेवा, ऋग्वेदाच्या नोंदींत मिसळू नका. संहिता, ब्राह्मणं आणि महाभारत यांच्यामध्ये शतकं आहेत.

हे काम हाताला बसलं की उषा घ्या. तिच्यासाठी सामग्री भरपूर आहे: वीसएक सूक्तं, ग्रीक एओस, लॅटिन अउरोरा, लिथुआनियातली आउश्रिने. रकाने तेच ठेवा. क्रियापदांचा रकाना मात्र यावेळी रुंद आखा, कारण ती द्यौसारखी गप्प बसत नाही.